अमृतकुंज कुणाचं?

मे महिन्यात ग्वाल्हेर भाजून निघत असताना अमृतकुंज कॉलनीचं पाणी तोडण्यात आलं. आदल्या दिवशी निवृत्त शिक्षक भालचंद्रराव आपट्यांनी बिल्डर दिग्विजयसिंहाला एवढंच विचारलं होतं, "कॉलनी आमच्या ताब्यात कधी देणार?"

सहा वर्षं हेच चाललं होतं. घरं लोकांची, हुकूम बिल्डरचा! मोटरची किल्ली त्याच्याकडे, फाटकावर माणसं त्याची. जो बोलेल त्याला शिक्षा. या वेळी मात्र भालचंद्रराव हटले नाहीत. "आपण इथले रहिवासी की याची रयत?" असं विचारत ते दारोदार फिरले.

बिल्डरने मग लिफ्टही बंद केली आणि पाच दिवस काहीच सुरू केलं नाही. त्या पाच दिवसांत कॉलनी जगवली ती शांताताई शिर्क्यांनी. बिर्लानगरच्या वस्तीतून येऊन त्या इथे सहा घरी स्वयंपाक करत. बरोबरच्या दहा-बारा जणींना घेऊन त्यांनी रस्त्यापलीकडच्या नळावरून पाणी भरलं आणि चार-चार जिने चढवलं. पावसाळ्यात बिल्डरविरुद्ध धरणं झालं, तेव्हा त्या पहिल्या रांगेत बसल्या. थंडीत कोर्टात सुनावणी झाली, तेव्हा बिल्डरच्या माणसांच्या धमक्यांना न जुमानता त्यांनी साक्ष दिली.

एप्रिलमध्ये निकाल लागला. कॉलनी रहिवाशांची झाली. गुलाल उधळला, पेढे वाटले, भालचंद्रराव रहिवासी संघाचे अध्यक्ष झाले.

आणि पंधरा दिवसांत लिफ्टशेजारी पाटी लागली : 'कामवाल्या बायकांनी जिन्याने जावे.' खाली सही भालचंद्ररावांची!

त्या सकाळी शांताताई चौथ्या मजल्यावर धापा टाकत आल्या आणि भालचंद्ररावांच्या दारातच उभ्या राहिल्या.

"सर, ही पाटी तुम्ही लावली?"

भालचंद्ररावांनी नजर चुकवली. "सभेचा ठराव आहे, ताई. बहुमताने झाला."

"आमच्यापैकी कुणाला बोलावलं होतं त्या सभेला?"

"लोकांची तक्रार होती. लिफ्टमध्ये गर्दी होते, घामाचा वास येतो..."

"घामाचा वास!" शांताताईंचा आवाज जिनाभर घुमला. "भर उन्हात तुमच्या घरात पाणी आणून ओतलं, तेव्हा नाही आला वास? बिल्डरने आमचं काय बिघडवलं होतं, सर? पाणी तुमचं बंद होतं. आम्ही तुमच्यासाठी भांडलो! आता तो गेला आणि त्याच्या खुर्चीत तुम्ही बसलात. आमच्यासाठी काय बदललं?"

आतून नात सोनिका बाहेर आली. "आबा, ये तो हद है! तुम्ही सही केलीच कशी?"



"उद्यापासून आमच्यापैकी एकही जण येणार नाही," म्हणत शांताताई निघून गेल्या.

आयुष्यभर मुलांना स्वातंत्र्याचा इतिहास शिकवणारा हा माणूस दिवसभर अन्नाला शिवला नाही. संध्याकाळी त्यांनी सभा बोलावली.

"पाटी मी काढली आहे," ते म्हणाले.

"ठराव झालाय, सर!" राघव काळे ओरडला. "तुम्हाला असा अधिकार नाही. बाया काय, दुसऱ्या मिळतील!"

"दुसऱ्या मिळतील?" भालचंद्रराव संतापाने उठले. "दिग्विजयसिंह हेच म्हणायचा, जमत नसेल तर घरं विका, घेणारे दुसरे मिळतील! तेव्हा तुझं रक्त उसळलं होतं ना, राघव? माझ्यावर अविश्वास ठराव आणायचा असेल तर खुशाल आणा. पण माणसाला कमी लेखणाऱ्या कागदावर मी पुन्हा सही करणार नाही!"

 मग पद्माताई देवधर उठल्या. "मीही हात वर केला होता. मला लाज वाटते." एकेक करत बरेच जण उठले. राघव मात्र बसूनच राहिला.

दुसऱ्या दिवशी भालचंद्रराव आणि पद्माताई बिर्लानगरला गेले आणि हात जोडून माफी मागितली. शांताताईंनी ती लगेच स्वीकारली नाही.

"माफी ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण यापुढे आमच्याबद्दल काही ठरवायचं असेल, तर आमच्यातल्या दोघी त्या बैठकीत बसतील."

"बसतील," भालचंद्रराव म्हणाले.

पुढच्या बैठकीत शांताताई खुर्चीवर बसल्या आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

नागरिकहो, जुलमी माणूस घालवणं तसं सोपं असतं, कारण तो समोर दिसतो. त्याची जागा आपण कधी घेतली, ते मात्र आपल्याला कळतही नाही. ज्या स्वातंत्र्यात आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाला वाटा नाही, ते स्वातंत्र्य नव्हे. तो नुसता मालकबदल!