टाचण्यांची भोकं

टेबलावर चोवीस पत्ते होते, चोवीस अक्षरांचे. पुठ्ठा ताईच्या शिलाईच्या कारखान्यातला, नव्या शर्टाच्या घडीत घालतात तो. तुकडे मी कापले, अक्षरंही मीच काढली.

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. तिच्या बाईंनी बजावलं होतं: महिनाअखेरीस दहा नवे शब्द देईन, सात तरी वाचता आले पाहिजेत, नाहीतर पुन्हा बालवर्गात. "तिथे सगळी शेंबडी पोरं आहेत," भिंगरीने मला गंभीरपणे कळवलं होतं.

रीत साधी होती. एकेका पत्त्याचा आवाज काढायचा, पत्ते जवळ सरकवायचे, आवाज जोडायचे. ग, व, त, गवत. सहाव्या दिवशी तिने चोवीसच्या चोवीस पत्ते ओळखले, पाच शब्दही जोडले. मी वहीत नोंद केली आणि खात्री करायला तेच पाच शब्द पाटीवर लिहून दिले.

पाचपैकी शून्य.

ताई घरच्या शिलाई मशीनवरून उठली. "मघाशी तर फाडफाड वाचत होती! आता काय दातखीळ बसली? बाई म्हणतात तेच खरं, डोक्यात नुसते कांदेबटाटे!"

भिंगरीने पाटी उलटून मागून पाहिली. "यावर टोचे कुठेयत?"

"कसले टोचे?"

तिने पत्ते उचलले. "हा ग. याला वर दोन टोचे. व-ला एकच, कोपऱ्यात. आणि त तिरका आहे. मावशी, तुला सरळ कापता येत नाही."

शर्टाच्या टाचण्यांची भोकं. मला ती दिसलीच नव्हती. भिंगरी सहा दिवस तीच वाचत होती. आईच्या शेजारी बसून, खडूच्या खुणा बघून बाही कुठली नि कॉलर कुठली हे ती रोजच ओळखायची.

ताई खाली बसली. "अगं बाई, ही तर माझ्यावर गेली. मलाही तुकडे खुणांवरूनच कळतात. मला कोणी मठ्ठ म्हणतं का?"

"मी म्हणते कधीकधी."

"तू गप. फसला तो तुझा प्रयोग, पोरगी नाही."

तिने नवे चोवीस चौकोन कापले, अगदी काटकोनात. मशीनमधला दोरा काढला आणि प्रत्येकाच्या चारी कडांवरून नुसती सुई चालवली. सगळ्यांना सारखीच भोकं. मी अक्षरं काढली. भिंगरीने पत्ते उलटसुलट केले, कडा चाचपल्या, आणि नाइलाजाने मधल्या अक्षराकडे पाहिलं.

त्यानंतर रोज जेवणाआधी वीस मिनिटं ताईच तिला घेऊन बसली. शेवटी दोन मिनिटं पाटीवरचे शब्द. भिंगरी अडखळली की ताई म्हणायची, "घाई नको गं. टाक्याला टाका लागू दे."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाईंनी फळ्यावर दहा शब्द लिहिले. ताई आणि मी वर्गाच्या दाराशी उभ्या होतो. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळ बघायला मला हात सोडवून घ्यावा लागला.

दहापैकी आठ. तीन मिनिटं चाळीस सेकंद.