उबदार भिंत

कोळसा साध्या ओव्हनमध्ये वाळवू नकोस, निर्वात ओव्हन मोकळा होईपर्यंत थांब, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तिने ते कानाआड केलं. पाळणाघर बंद व्हायच्या आत बाळाला गाठायचं होतं. गरम हवेतला ऑक्सिजन नमुन्यात शिरला, तिच्या आलेखात नको तिथे खड्डा पडला आणि कोठारातला कोळसा आतून तापतोय म्हणून तिने कारखाना डोक्यावर घेतला. ढीग उपसला तर कोळसा थंडगार. तेव्हापासून प्रयोगशाळेत तिचं नाव ‘आगलावी’ पडलं ते पडलंच.

आज मात्र तिने सगळं नेटाने केलं होतं. कोठारातला नमुना निर्वात ओव्हनमध्येच वाळवलेला. मिठासारख्या पांढऱ्या भुकटीत घोटून, दाबयंत्रात दाबून तिने काचेसारखी चकती केली आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडले. आलेखावर सतराशेच्या आकड्यापाशी तोच खड्डा. ऑक्सिजनला जखडलेल्या कार्बनची खूण. ताज्या कोळशात खोल दिसणारा एकोणतीसशेजवळचा खड्डा मात्र बुजत चाललेला. तिने दुसरी चकती केली. तेच. म्हणजे या वेळी कोळसा खरोखरच आतून तापत होता.

साहेबांनी कागदाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा पाळणाघराची घाई होती वाटतं, म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे खुसखुसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक चूक झाली म्हणून काय जन्मभर खोटी ठरायचं? पण भांडण तोंडाशी येता येता तिला मामा आठवला.

तिचा सख्खा मामा कोठाराचा राखणदार. कोठाराला लागूनच त्याची खोली. परवा चहा पिताना तो खुशीत सांगत होता की पाठीमागची भिंत हल्ली मस्त उबदार लागते, कंबर शेकायला पिशवी नको. डोकं तेवढं जड असतं, पण वय झालं की व्हायचंच. ती हसली होती.

आता ती धावली. मामाच्या खोलीचं दार, खिडकी, सगळं घट्ट लावलेलं. तिने श्वास रोखून दार ढकललं. मामा भिंतीला पाठ लावून बसलेला, डोळे अर्धवट मिटलेले.

“राणी, तू? ये, बस,” तो जड जिभेने म्हणाला. “ऊब बघ किती छान.”

तिने त्याला काखेत धरून फरफटत अंगणात आणला. तो दोनदा ओकला. तापत्या कोळशातून निघून भिंतीच्या फटींतून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. कुणाला कळणार होतं?

तिची हाक ऐकून साहेब आले. मामाला गाडीत घातल्यावर तिने त्यांचं मनगट धरलं आणि कोठाराच्या बाहेरच्या भिंतीशी नेलं.

“लावा हात.”

त्यांनी लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“ही भिंतही मीच ओव्हनमध्ये ठेवली होती का, साहेब?”

मामा वाचला. कोठार रिकामं झालं. तिचा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि उतरूही नये.

तुमच्या ओळखीचं कुणी कोळशाच्या कोठाराला पाठ लावून झोपत असेल, डोकं जड आहे म्हणत असेल, तर हे वाचणं राहू द्या. उठा, जा, आधी दार सताड उघडा आणि त्याला हाक मारा. ओ आली नाही, तर दुसऱ्या हाकेसाठी थांबू नका.