फाटक क्रमांक एक

मशीनच्या म्हणण्याप्रमाणे प्रेमसिंग राठोड नाल्यात होता. प्रत्यक्षात तो टेकडीच्या सगळ्यात उंच दगडावर बसून, बूट काढून, तळव्यातला काटा शोधत होता.

"काका, पाय भिजले का?" दीक्षाने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"न्हाई मॅडम. पन सरकार म्हणतंय तर भिजले असतील."

दीक्षा वाघमारे जंगलाच्या या बीटची वनरक्षक, वय सव्वीस. प्रेमसिंग तिच्या हाताखालचा वनमजूर, वय एकोणसाठ. ती त्याला काका म्हणायची, तो तिला मॅडम म्हणायचा. दोघांचंही समाधान होतं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि ते अकरा महिने प्रेमसिंगला या टेकडीच्या चढासारखे वाटत. रोजचाच चढ, पण रोज थोडा वाढलेला.

मशीन म्हणजे साबणाच्या वडीएवढा जीपीएस, वर बोटाएवढा अँटेनाचा ठोंब, पोटात दोन पेन्सिल सेल. त्यात तीन नकाशे होते. पहिला मशीनसोबतच आलेला. त्यात अख्खा हिंगोली जिल्हा म्हणजे पिवळं रान आणि मधून एक रस्ता. साखऱ्यापासून कळमनुरीपर्यंत त्यात माणूस राहत नव्हता, आणि उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता ते खरंही वाटायचं. दुसरा नकाशा दीक्षाने इंटरनेटवरून फुकट उतरवलेला. त्यात उंचीच्या रेषा अशा सुरेख की टेकडी चिरलेल्या कांद्यासारखी दिसायची. पण वाट नाही, झरा नाही. झरा पळसांच्या दाटीखाली होता. आभाळातून बघणाऱ्याला तो दिसत नसे, खालून येणाऱ्याला दिसे. तिसरा नकाशा पन्नास वर्षांपूर्वीच्या मोजणीचा कागद, कार्यालयातल्या संगणकवाल्याने स्कॅन करून आत बसवलेला. त्यात सगळं होतं. झरा होता, तांड्याची घरं काळ्या ठिपक्यांनी होती, आणि तांड्यापासून झऱ्यापर्यंत तुटक रेघेची पायवाट होती. फक्त ती वाट चाळीस फुटांच्या कड्यावरून सरळ खाली उतरत होती.

"पन्नास वर्षांपूर्वी लोकं उडी मारायचे का, काका?"

"मारत असतील. तेव्हाचं खानंपिनं येगळं व्हतं."

भांडण त्या वाटेचंच होतं. टेकडीवर नवं रोपवन होणार होतं, भोवती जाळीचं कुंपण. जुनी वाट आडवी आली तर तिथे फाटक ठेवायचं असा नियम होता. पण नकाशात असेल तीच वाट. तांड्यातल्या बायका रोज सकाळी या वाटेने झऱ्यावर जात. तांड्यावर बोअर होता, त्याला पाणीही होतं, पण त्या पाण्यात डाळ शिजत नसे. फाटक चुकलं तर टेकडीला वळसा, जाऊन-येऊन पाच किलोमीटर. प्रेमसिंगची बायको नानीबाई रोज जाणाऱ्यांत होती, आणि तिच्या गुडघ्यांत दोन वर्षांपासून उठता-बसता सुकलेल्या शेंगा वाजत.

प्रेमसिंगला काटा सापडला. तो बोटावर ठेवून नीट बघत तो म्हणाला, "मॅडम, ह्या दगडावर छिन्नीनं त्रिकोन काढलेला हाय, बघा. कागदावर बी हाय का?"

होता. त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा.

"मंग मी त्रिकोनावर बसलोय आन् मशीन म्हणतंय नाल्यात. पल्याडचं देऊळ कुठं दाखवून राहिलं?"

"शेतात."

"आन् शेतातली हीर?"

"रस्त्यावर."

प्रेमसिंगने बूट चढवला. "समदं एकाच अंगाला सरकलंय. एखादं चुकलं असतं तर कागद खोटा. समदं बराबर तेवढंच चुकलंय म्हंजे कागद खरा हाय. ठेवनारानं वाकडा ठेवला."

दीक्षाने फोन काढला, रेंजसाठी दगडावर चढली आणि अर्धा तास वाचत उभी राहिली. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा निकाल लागल्यासारखा झाला होता.

"काका, तो कागद केला तेव्हा पृथ्वीचा आकार वेगळा धरत होते. आता वेगळा धरतात. मशीनमध्ये घालताना आकडे बदलून घ्यायचे असतात. त्यानं जसेच्या तसे टाकले."

"पृथ्वी बदलली?"

"पृथ्वी नाही हो. माप बदललं."

"आमच्या तांड्यावर कुनी कळवलं न्हाई," प्रेमसिंग म्हणाला.

त्यांनी त्रिकोणाच्या दगडापासून मोजलं. फरक एकशे पंधरा मीटर. कागद तेवढा मागे ओढला की तुटक रेघ कड्यावरून उठायची आणि बायकांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या वाटेवर येऊन बसायची. दीक्षाने त्या दिवशी दोन पानी अहवाल लिहिला, आकृती काढली, आकृतीत प्रेमसिंगला एक ठिपका म्हणून दाखवलं.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. साहेब माणूस वाईट नव्हता. पंख्याखाली बसलेला कोणीही माणूस एप्रिलमध्ये वाईट नसतो.

"फार सुंदर काम आहे," ते म्हणाले. "पण आराखडा याच नकाशावर मंजूर झालाय. वाट एकशे पंधरा मीटर सरकवली तर रोपवनही सरकवावं लागेल. मग आपली सागाची रोपं कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये जातील."

"सर, पण वाट तिथं आहे. लोक चालतात."

"मग पुरावा द्या. गावकरी त्या वाटेनं चालतो याचा ट्रॅक मशीनमध्ये घ्या. उद्या संध्याकाळपर्यंत. परवा कुंपणाचा गुत्तेदार खड्डे घेतोय."

"मी चालतो साहेब," दारातून प्रेमसिंग म्हणाला.

"तुम्ही खात्याचे. तुमचं चालणं धरता येत नाही."

एकोणतीस वर्षांचं चालणं धरता येत नाही हे कळल्यावर प्रेमसिंगचे पाय एकदम दुखायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मशीन नाडीला बांधून नानीबाईच्या गळ्यात घातलं.

"कुठलं बटन दाबू नको. नेहमीसारखी जा, नेहमीसारखी ये."

"यात फोटू निघतो व्हय?"

"न्हाई. वाट निघती."

"आपली?"

"आपलीच."

नानीबाईने क्षणभर विचार केला. "मंग जरा थांबा, साडी बदलते."

प्रेमसिंग रोपं मोजायला नर्सरीत गेला. दुपार कलल्यावर तो परतला तेव्हा दीक्षा त्याच्या ओट्यावर बसली होती, समोर चहा निवला होता आणि मशीनला तिने नवे सेल घातले होते. तिने स्क्रीन त्याच्यापुढे धरली.

ट्रॅक तांड्यातून निघाला होता. वाटेकडे वळायच्या ऐवजी तो उलट्या बाजूला, सेवालाल महाराजांच्या देवळाकडे गेला होता. देवळाभोवती त्याने एकावर एक पाच वेढे घेतले होते. तिथून गाडीरस्त्याने, टेकडीला पूर्ण वळसा घालून, तो झऱ्यावर पोचला होता. आणि झऱ्यावर संपला होता.

"नाने," प्रेमसिंग म्हणाला, "हे काय?"

"काय म्हंजे? सरकारी चीज पहिल्यांदा तांड्यात आली, ती बी माझ्या गळ्यात. महाराजांच्या पाया न पाडता कशी न्यावी? आन् देवळावरून झऱ्याला तोच रस्ता जवळ पडतो."

"नेहमीसारखी जा म्हणलं व्हतं."

"नेहमी माझ्या गळ्यात सरकार ऱ्हात न्हाई."

दीक्षाने तोंडावर ओढणी धरली. हसू आवरायला की दुसरं काही, ते कळलं नाही.

"आणि येताना, काकू? येताना कुठून आलात?"

"आपल्या वाटेनं की. डोक्यावर हंडा असताना कोन वळसा घालतं? पन तवर ते इझलं व्हतं. झऱ्यावर समद्या बायांनी बघितलं. कुनाला उजेड पायजे, कुनाला आवाज पायजे. लई बटनं हायत त्याला."

प्रेमसिंग ओट्यावर बसला. नानीबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दीक्षाकडे, आणि तिच्या लक्षात आलं.

"पुन्हा जाऊ का?" ती म्हणाली. "आत्ता जाते. रिकामा हंडा घेऊन जाते."

ती खरंच निघाली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, चपला न घालता निघाली. दीक्षा मशीन घेऊन तिच्यामागे गेली. पण घड्याळात साडेचार झाले होते, कार्यालय पाऊण तासावर होतं आणि साहेब साडेपाचला उठत. अर्ध्या वाटेवरून दीक्षाला परत फिरावं लागलं. नानीबाई मात्र झऱ्यापर्यंत जाऊन आली. मशीनशिवाय.

दीक्षाने सकाळचा ट्रॅक आणि हा अर्धा जोडला, सोबत खुलासा लिहिला. 'वर्तुळाकार हालचाल धार्मिक कारणास्तव' असं त्यात एक वाक्य होतं. वरून शेरा आला: गावकरी गाडीरस्ता वापरतात असे दिसते, तथापि नकाशात वाट असल्याने फाटक नकाशाप्रमाणे द्यावे.

फाटक दिलं. गुत्तेदाराचा माणूस मशीन हातात धरून चालत आला, तोच नकाशा, तीच रेघ. स्क्रीनवर शून्य मीटर आलं तिथे त्याने पाय आपटला. कड्याच्या काठापासून दोन हातांवर.

"भाऊ," प्रेमसिंगने विचारलं, "याच्या फुडं काय हाय ते बघितलं का?"

"आपलं काम फाटकापर्यंत हाय, मामा. फुडचं आपल्याकडं न्हाई."

फाटक चांगलं झालं. हिरवा रंग, दोन दारं, कडी, कुलूप. वर पांढऱ्या रंगात 'फाटक क्र. १'. क्रमांक दोन कुठेच नव्हता. खऱ्या वाटेवर जाळी आली, जाळीबाहेर चर आला. दीक्षाने दुसरा अहवाल पाठवला, मग तिसरा. तिसऱ्याला पोच आली.

मग आदेश आला: ग्रामस्थांच्या सोयीसाठी फाटक रोज सकाळी सहाला उघडावे, सायंकाळी सहाला बंद करावे, नोंद ठेवावी. जबाबदारी: वनमजूर राठोड.

"बोअरच्या पाण्यात शिजव आता डाळ," त्या रात्री प्रेमसिंग जेवताना म्हणाला. "न्हाई शिजली तर कच्ची खातो."

"तीस वर्सं शिजली न्हाई ती आता माझं गुडघं बघून शिजंल व्हय?" नानीबाईने त्याच्या ताटात आणखी वाढलं. डाळ मऊ होती. "खा गुमान. वळसा काय, माझ्या बापाच्या येळी बैलामागं चालत कुठं कुठं जायची मान्सं."

प्रेमसिंग रोज पावणेसहाला टेकडी चढतो. कुलूप काढतो. दोन्ही दारं बाहेर, हवेत उघडतात. वहीत लिहितो: फाटक उघडले. पुढच्या रकान्यात किती माणसं गेली ते लिहायचं असतं. तिथे तो लिहितो: निरंक.

कड्यावरून झरा सरळ खाली दिसतो, पळसांच्या फटीतून. साडेसहाच्या सुमाराला नानीबाई वळसा घालून तिथे पोचते. एक हात गुडघ्यावर ठेवून वाकते, हंडा भरते. हंडा डोक्यावर घेण्याआधी ती एकदा वर बघते. वर आभाळात एक हिरवं फाटक सताड उघडं असतं आणि त्यात तिचा नवरा उभा असतो.

तो हात करत नाही. हात गुंतलेला असतो. काठावर वारा जोराचा असतो, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत दार लागू नये म्हणून तो ते धरून ठेवतो.