गोव्याचे गोमेझ

मराठी मंडळाचे अध्यक्ष असलेल्या शशिकांतरावांनी माईकवर टकटक केली, घसा खाकरला आणि हरिदास गजघाटे यांना पुन्हा एकदा ‘आपला माणूस’ म्हटलं.

पहिल्या रांगेत बसलेल्या कल्याणीने पर्सची चेन उघडली, बंद केली. बाबांना जाऊन महिना होत आला होता. घरी भन्तेजी आले, पुण्यानुमोदन झालं, तेव्हा मंडळातलं कुणी फिरकलं नाही. त्या गल्लीत पार्किंग मिळत नाही म्हणे. मग मंडळाला जाग आली आणि २००७च्या एका उन्हाळी रविवारी लंडनच्या पिनर भागातल्या या हॉलमध्ये शोकसभा ठरली. फोटोला घातलेला हार प्लास्टिकचा होता. गणपतीच्या मखरातून उरलेला.

“हरिदासजी पूर्वी ब्रिस्टलला विमानांची इंजिनं बनवायचे, पण जीव इतिहासात,” शशिकांतराव म्हणाले. “आमच्या गोव्यावर तर फार प्रेम! ते थोर गोवेकर स्वातंत्र्यसेनानी... गोम्स! इथे, याच मंडळात त्यांच्यावर बोलले होते. अजून अंगावर काटा येतो.”

कल्याणीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

हुआन ग्वालबेर्तो गोमेझ. क्यूबाचा माणूस. गुलाम आईबापांचं पोर. पत्रकार झाला, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला, पुढे सेनेटर झाला. स्पेन गेलं आणि अमेरिकेने आपला हस्तक्षेपाचा हक्क क्यूबाच्या घटनेत घुसवला, तेव्हा त्याविरुद्ध ठाम उभा राहिला. या एका माणसासाठी बाबा दिवसभर काम करून संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जात. जेवताना क्रियापदं चालवत. आणि त्या साऱ्या वर्षांचं शशिकांतरावांच्या तोंडात काय झालं, तर गोव्याचे गोम्स.

आता तिलाच बोलायचं होतं. पहिलं वाक्य तिने ठरवून टाकलं. यांच्या समोर, यांच्याच माईकवरून. बाबांच्या नावावर ही चूक ती राहू देणार नव्हती. ती उठू लागली, तसा आईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

“बस.”

“आई, त्याला क्यूबा आणि काणकोण यांतला फरक कळत नाही.”

“गोव्याचे म्हणून तुझ्या बाबांनीच सांगितलं त्याला.” शांताबाई समोर बघत पुटपुटल्या.

कल्याणी बसली.

“तू तेव्हा युनिव्हर्सिटीत होतीस. दर एप्रिलला बाबा विचारायचे, बाबासाहेबांवर बोलू का? हा म्हणायचा, बघू, पॉलिटिकल नको. मग यांचा गोवामुक्तीचा प्रोग्राम आला. बाबांनी फोन केला, गोमेझवर बोलतो म्हणाले. हा म्हणे, म्हणजे आपले गोम्स, गोव्याचे ना? बाबा म्हणाले, तुम्ही म्हणता तर तिथलेच.”

“आणि कुणालाच कळलं नाही?”

“क्यूबाचं नाव तेवढं गाळलं. बाकी सगळं सांगितलं. ऊस, चाबूक, मालक. पोटातल्या लेकराचे पैसे मोजून आईबापांनी त्याला जन्माआधीच सोडवून घेतलं, हे सांगितलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. हा तर उभा राहून टाळ्या वाजवत होता.” शांताबाईंनी पदर सारखा केला. “परतताना गाडीत म्हणाले, शांता, पोर्तुगीजांच्या खात्यावर टाकलं की यांना रडता येतं बघ.”

“आणि आता, त्यांची कन्या!” शशिकांतरावांनी हात पुढे केला.

कल्याणी माईकपाशी गेली. ठरवलेलं वाक्य ओठांवर होतं. ते तिने गिळलं.

“माझे बाबा गोमेझना फार मानायचे,” ती म्हणाली. “घोडागाड्या बनवायला शिकावं म्हणून आईबापांनी गोमेझना पॅरिसला पाठवलं, ते पत्रकार झाले. म्हातारपणी सरकारने त्यांना मोठं पदक दिलं. ज्या सरकारशी त्यांचं जमत नव्हतं, त्याच सरकारने. तेव्हा ते म्हणाले, पदक नसताना जो होतो, तोच मी आताही आहे.”

तिने फोटोकडे पाहिलं.

“बाबाही तेच आहेत. हार नसताना होते, ते.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ‘वा’ म्हणालं.

नंतर चहा-समोसे. शशिकांतराव बशी सांभाळत आले, मागे त्यांच्या पत्नी सुप्रभा.

“सुंदर बोललीस गं! पण ते गोम्स मूळचे कुठले? गाव कुठलं त्यांचं?”

गजघाटे हे आडनाव ऐकलं की हा प्रश्न यायचाच. जिन्यात, लग्नात, गणपतीत. बाबा दर वेळी शांतपणे उत्तर द्यायचे, आणि मग समोरच्याचा चेहरा बघत राहायचे.

“मातान्झास,” कल्याणीने क्यूबातलं खरं ठिकाण सांगून टाकलं.

“हां, हां! मडगावच्या पुढे! सुप्रभा, अगं, आपण गेलो होतो की नाही तिथे?”

“हो बाई! काय ते देऊळ!”

शांताबाईंनी शांतपणे एक खुर्ची ओढली, लेकीसाठी दुसरी. कल्याणी बसली. चहाचा एक घोट घेऊन तिने मान वर केली.

“सांगा ना, काका,” ती म्हणाली. “कसं आहे मातान्झास?”