सहा झाडांची सुतळी

गावाचं भलं करायचं म्हटलं की आपण आधी काहीतरी उपटायला निघतो. अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात तळ्याकाठी काटवन होतं, आणि सरपंच पंचशीलाला तिथं बाग करायची होती. ठरावाला एकही विरोध झाला नाही. आपण तिथं असतो तर आपणही हात वर केलाच असता.

पंचशीलाच्या मनात मात्र ठरावाहून जुनं काही होतं. लहानपणी ती आईबरोबर याच काटवनात बोरं वेचायची आणि अहमदपूरच्या स्टँडवर नेऊन विकायची. घरात साबण नसला की आई, केवळाबाई, हिंगणाची फळं चोळून कपडे धुवायची. वर्गातल्या पोरी त्या कपड्यांकडे बघून नाक मुरडायच्या. हातावरचे ओरखडे पुढं बुजले, मनातले बुजले नाहीत. काटे गेले की ते दिवसही जातील, असं तिला वाटायचं. म्हणून या बागेत तिचा जीव अडकला होता.

शिवाय गाव बघत होतं. पंचायत वर्षानुवर्षं एकाच भावकीच्या ताब्यात. सगळे सदस्य एकमेकांचे चुलते-पुतणे. नळयोजना आली तेव्हा पंचशीलाच्या बौद्ध वस्तीपर्यंत पाइप न्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वाईट माणसं नव्हती ती, पण त्यांच्यातल्या एकाच्याही घरी घागर लांबून येत नव्हती. पंचशीला निवडून आली आणि तिनं पहिला पाइप वस्तीत नेला. आता बाग फसली असती तर "बाईमाणसाला कुठं जमतंय," असं म्हणायला सगळी भावकी टपलेली होती.

पहिलं रोप लावायला तिनं आपल्या दिलशाद मॅडमना बोलावलं होतं. त्या उदगीरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पंचशीला त्यांची लाडकी विद्यार्थिनी. मॅडम आल्या तेव्हा जेसीबीनं कामाला सुरुवात केली होती. अख्ख्या शिवारात एकुलता एक असलेला हिंगण मुळं वर करून पडला होता. मॅडम कार्यक्रमाच्या मांडवाकडे न जाता थेट त्या झाडाकडे गेल्या.

त्याच भावकीतल्या उपसरपंच ग्यानोबांनी कौतुकानं हिशेब सांगितला. "काटवनात सहाच जाती हायेत मॅडम. हिंगण, बोर, भोकर, अंकोल, मेडशिंगी अन् शिंदी. त्या काढून आठ लावून राहिलो. फायदाच हाय की."

मॅडमनी रोपं पाहिली. गुलमोहर, सोनमोहर, काशीद, बहावा, करंज, सुबाभूळ, गिरीपुष्प, विलायती शिरीष. त्यांनी एवढंच विचारलं की मोठी झाल्यावर या झाडांना फळ म्हणून काय लागतं. ग्यानोबा म्हणाले, शेंगा. सगळ्यांनाच? ग्यानोबा एकेक रोप बघत गेले; आठही शेंगांच्या एकाच घराण्यातली निघाली.

मग मॅडमनी मांडववाल्याकडून सुतळी मागवली. जमिनीत एक खुंटी ठोकली आणि म्हणाल्या, ही या सगळ्या झाडांची आद्य आजी समजा. तिच्यापासून प्रत्येक झाडापर्यंत सुतळी टाकायची. जोवर दोन झाडांचं घराणं एक, तोवर दोघांना मिळून एकच सुतळी. कोट्यवधी वर्षांपूर्वी जिथं त्यांची चूल वेगळी झाली, तिथून नवी बांधायची. शास्त्रज्ञ नुसत्या जाती मोजत नाहीत, हे नात्याचं अंतरही मोजतात.

आठ रोपांची सुतळी टाकली. निम्म्या वाटेपर्यंत आठही जण एकाच सुतळीवर, आणि पुढं आखूड आखूड फाटे. मग काटवनातल्या सहांची टाकली. शिंदी तर खुंटीपाशीच वेगळी झाली, बाकीचीही लवकरच आपापल्या वाटेनं गेली. दोन्हीकडची सुतळी हातानं मोजली तेव्हा बघणारे चाट पडले. जाती आठ, पण सुतळी कमी भरली होती!

"आता हिंगणाची उचल," मॅडम म्हणाल्या.

पंचशीलानं उचलली. ती लांबलचक सुतळी हातात आली आणि तिच्या जागी उघडी माती राहिली.

"जगात हिंगण अजून आहे, बेटा. पण या गावातून एवढी सुतळी आज सकाळी गेली. आठ रोपांनी ती भरून निघत नाही. एका भावकीची झाडं. एक कीड आली तर घरोघर फिरेल. आणि भोकरं खाणाऱ्या पाखरानं शेंगा घेऊन काय करायचं?" मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "पंचायतीत माणसं आधीही पुरेशी होती ना? मग तुझी काय गरज होती?"

पंचशीलाला वस्तीतला पहिला नळ आठवला. माणूस म्हणून तर सगळे एकच, तरी पंचायतीतली एका भावकीची माणसं मिळून एकच बोलली होती, आणि वस्तीची घागर कुणाला दिसली नव्हती. इथं तर कुळंच निराळी होती. आणि ती उपटायचा हुकूम तिचाच होता.

केवळाबाई आडव्या पडलेल्या झाडाखाली वाळलेली फळं पदरात गोळा करत होती. पंचशीला तिच्याजवळ जाऊन बसली. "आई, याच काट्यांनी तुझे हात फाटायचे," ती कशीबशी म्हणाली.

"हात गरिबीनं फाटले, पोरी," म्हातारी म्हणाली. "झाडानं दिलंच की. साबण दिला, बोरानं तुझी फी दिली. त्याच्यावर कशाला राग काढलीस?"

पंचशीलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग ती उठली, जेसीबीपुढं जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चूक माझी आहे. बाग होईल, पण या उरलेल्या पाच जातींची झाडं मधे ठेवून. रोपं रस्त्याच्या कडेला लावू." भावकीतलं कुणीतरी हसलं. ग्यानोबा हसले नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन ड्रायव्हरला गाडी मागं घ्यायला सांगितली.

बागेतल्या पहिल्या खड्ड्यात त्या दिवशी रोप लागलं नाही. केवळाबाईनं पदरातल्या फळातलं हिंगणाचं बी तिथं टाकलं.

नागरिकहो, आपल्या गावातही असं एखादं काटवन असेल. तिथं आहेत किती, एवढंच मोजू नका, एकमेकांपासून वेगळी किती आहेत तेही मोजा. कोट्यवधी वर्षांचं नातं एका सकाळी उपटता येतं. परत लावायची वेळ आली की आपल्या हातात फक्त बी असतं, आणि ते रुजेलच असं कुणी सांगू शकत नाही.