ओळखदाराची सही

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवायचं तर दोन ओळखदार लागतात. देणारा आणि घेणारा हे तेच आहेत, आम्ही त्यांना व्यक्तिशः ओळखतो, असं सही करून सांगणारी दोन माणसं. खेड्यावरून सकाळच्या एसटीनं आलेला माणूस अशी दोन माणसं कुठून आणणार? म्हणून आमच्याकडे रिवाजच पडला होता. एक सही वकिलाच्या टायपिस्टची, दुसरी बाहेर बसणाऱ्या नत्थू स्टॅम्पवाल्याची. प्रभाकरराव वकिलांकडे टायपिस्ट मी होते. बारा वर्षांत किती माणसांना मी 'व्यक्तिशः' ओळखलं, त्याचा हिशेब नाही. पुष्कळांच्या तोंडाकडे मी मान वर करून पाहिलंही नसेल. नत्थू म्हणायचा, "अनुसयाबाई, आपली ओळख इतकी हाय, का आपण दोघं उभे राह्यलो तं निवडून येऊ."

आता वय झालं, बोटं वाकडी झाली, पण त्या मराठी टाइपरायटरचा आवाज अजून कानात आहे. जिल्हा न्यायालयासमोरच्या गल्लीत वकीलसाहेबांची दोन खोल्यांची कचेरी होती. पुढच्या खोलीत ते आणि अशील, मागच्या खोलीत मी. मध्ये लाकडी पार्टिशन.

त्या पार्टिशनमुळे मी वाचले, ही गोष्ट १९९१ची. नवऱ्याचं घर सोडून मी वर्ध्याला आले होते. खोली कुठं घेतली, हे फक्त साहेबांना माहीत होतं, कारण माझा पोटगीचा अर्ज त्यांनीच केला होता, आणि कामावरही त्यांनीच ठेवलं होतं. एक दिवस भर दुपारी नवरा दोन माणसं घेऊन आला. मी मागं टाइप करत होते. बोटं थांबली.

"माही बायको कुठं हाय, सांगा वकीलसाहेब. नाई तं बरं होणार नाई."

साहेब म्हणाले, "अशिलाची गोष्ट मी बाजूच्या खोलीलेही सांगत नाई."

बाजूच्या खोलीत मीच होते. तो अर्धा तास आरडाओरडा करून गेला. साहेब आत आले आणि म्हणाले, "टाइप काऊन थांबवलं? तारीख उद्याची आहे." वकिलाचं बंद तोंड काय चीज असते, ते मला त्या दिवशी कळलं.

आता २००२ सालावर येते. कारंजा घाडग्याचे बंडूजी त्या वर्षी आमच्याकडे वारंवार यायला लागले. हायवेवर त्यांचा ढाबा होता, चार ट्रक होते. आमचा जिल्हा दारूबंदीचा, आणि ते ट्रक संत्र्यांच्या खाली काय घेऊन येतात हे कारंज्याच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. बंडूजी हायवेलगतची शेतं घेत होते, पण स्वतःच्या नावानं एकही नाही. ते स्वतः शेतकरी नव्हते, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणून ज्याच्याजवळ एखाद्या एकराचा सातबारा आहे असा आपला एखादा ड्रायव्हर नाहीतर स्वयंपाकी ते घेऊन यायचे. कागदावर शेत त्याचं. वर्षभरात सहा खरेदीखतं झाली. सहाही मी टाइप केली, सहांवरही माझी सही.

साहेबांना कळत नव्हतं असं नाही. एकदा मी विषय काढला, तर चष्मा पुसत म्हणाले, "अशील आहे तो आपला."

त्याच दिवाळीनंतर माझी भाची आचल, भावाची मुलगी, कॉलेजच्या अभिरूप संसदेत उभी राहिली. ती माझ्याकडेच राहून शिकत होती. दिल्लीच्या संसदेत काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचं विधेयक चर्चेत होतं, तोच विषय मुलांनी घेतला. पण खऱ्या विधेयकात बँका वगैरे होत्या. या मुलांनी स्वतःचं एक कलम घुसवलं: अशिलाच्या पैशाबद्दल संशय आला तर वकिलानंही सरकारला कळवलंच पाहिजे. आचल ते कलम मांडणार होती. आठ दिवस ती भाकऱ्या थापताना भाषण करत होती.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय..."

"तवा जळून राह्यला, अध्यक्ष महोदय," मी म्हणायची.

बंडूजींच्या खतांचं मी तिच्याजवळ बोलले होते. एकदा १९९१चीही गोष्ट सांगितली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "आत्या, तू लपली होतीस. बंडूजी लपून नाई राह्यले, ते वकिलाले वापरून राह्यले."

संसदेचे अध्यक्ष म्हणून कॉलेजनं बोलावलं कोणाला, तर प्रभाकररावांना. त्याच कॉलेजचे जुने विद्यार्थी ते. काळा कोट घालून उंच खुर्चीत बसले. अध्यक्षाला चर्चेत बोलता येत नाही, त्यामुळे दोन तास त्यांना नुसतं ऐकावं लागलं.

विरोधी बाकावर योगेंद्र नावाचा मुलगा होता, आवाज खणखणीत. तो म्हणाला, "आजारी माणूस डॉक्टरला खरं सांगतो, कारण डॉक्टर चौकात सांगत नाही. उद्या वकीलच पोलिसाचा खबऱ्या झाला, तर गरीब माणूस आपलं दुखणं कोणाला सांगेल?" बाकं वाजली. मीही वाजवली असती, पण मी प्रेक्षकांत बसले होते.

आचल उठली. "सन्माननीय सदस्य म्हणतात, वकिलाचं तोंड बंद पाहिजे. ठेवा बंद. पण मग हातही बंद ठेवा! तोंड बंद आणि हात चालू, हा कुठला धर्म?"

मागून कोणीतरी ओरडलं, "वा ताई!" मी साहेबांकडे पाहिलं. ते समोरच्या कागदावर रेघा ओढत होते.

मतदान झालं. बावीस विरुद्ध बावीस. मतं समसमान झाली की अध्यक्षाचं मत लागतं. साहेब उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "माझं मत कलमाच्या विरोधात. कलम फेटाळलं."

आचल घरी येऊन चप्पल भिरकावत म्हणाली, "तुह्या साहेबानं मले पाडलं!"

ही शुक्रवारची गोष्ट. सोमवारी बंडूजी सातवं खरेदीखत घेऊन आले. घेणाऱ्याचं नाव मी टाइप केलं: तानबा. गाव गिरड. बोटं तिथंच अडखळली, पण म्हटलं, गिरडात तानबा काय एकच असेल? गिरड माझं माहेर. दर्ग्याच्या टेकडीखाली आमच्या घराला लागून ज्याचं घर होतं, तो तानबा वेगळा असेल.

निबंधकांच्या कार्यालयात बाकावर तोच बसला होता. पिकलेल्या मिशा, नवं कोरं धोतर, बहुतेक बंडूजींनीच दिलेलं. मला पाहून उठलाच.

"का वं अनुसया, तू हाय का इथं? मंग तं झालंच माह्यं काम!"

बंडूजी हसले. "घ्या! आजवरच्या ओळखदार नावाच्या, आजची खरी निघाली."

मी तानबाला बाजूला घेतलं. "तानबाभाऊ, तू ढाब्यावर काय करतोस?"

"भांडे घासतो ना."

"आणि हे चार एकर?"

"मालकाचं काम हाय. आंगठा दे म्हणाले. पोरीच्या लग्नाले मदत करतो म्हणाले."

"पैसा कुठला, असं उद्या कोणी विचारलं तर तुले विचारतील. मालकाले नाई."

त्यानं नव्या धोतराचा सोगा सारखा केला. कारकुनानं नोंदवही पुढं सरकवली. नत्थूनं नेहमीसारखी झरकन सही ठोकली आणि पेन माझ्या हातात दिलं. खाली छापलेलं होतं, व्यक्तिशः ओळखतात. बारा वर्षांत पहिल्यांदा ते अक्षर न् अक्षर खरं होतं. या माणसाच्या आईच्या हातची ज्वारीची भाकर मी खाल्ली होती. त्याच्याजवळ चार एकर घ्यायला छदाम नाही, हे माझ्याइतकं त्या खोलीत कोणाला माहीत होतं?

मी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"काऊन?" बंडूजींचा आवाज चढला. "ओळखत नाई का त्याले?"

"ओळखते. म्हणूनच."

सगळे साहेबांकडे पाहू लागले. नोकरी गेली, हे मी धरूनच चालले होते. त्या वयात दुसरीकडे कोण ठेवणार होतं मला? आचलची फी, खोलीचं भाडं, सगळं माझ्या त्या नकारावर आलं होतं.

बंडूजी म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची बाई काय करून राह्यली? बाहेरून दुसरा ओळखदार आणा, पन्नास उभे हायेत."

साहेबांनी दस्त उचलला. बराच वेळ वाचल्यासारखा पाहिला, तो त्यांनीच लिहिलेला होता तरी. मग घडी घालून बंडूजींच्या हातात दिला.

"बंडूजी, मी कोणाले काही सांगणार नाई. त्याची काळजी करू नका. पण हे काम आता माझ्या हातून होणार नाही. आधीची फाइलही घेऊन जा."

बंडूजी गेले. जाताना तानबाला म्हणाले, "तू ढाब्यावर येऊ नको."

कचेरीत शिरल्यावर साहेब म्हणाले, "तुमच्या पोरीचं मत बरोबर नव्हतं. पण तिचं वाक्य बरोबर होतं." आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले.

ते सातवं शेत पंधरा दिवसांत दुसऱ्या वकिलाकडून, दुसऱ्या कोणाच्या नावानं झालं. आधीच्या सहा खतांवर माझी सही आजही आहे. ती काही पुसता येत नाही. त्यानंतर साहेबांकडे होते तोवर मी सहीआधी प्रत्येकाला विचारायची, गाव कोणतं, शेजारी कोण, शेतात काय पेरलं. नत्थू वैतागायचा. "बाई, सोयरीक जुळवून राह्यल्या का?" पुष्कळदा मी सही न करता माणसाला परत पाठवलं, आणि तो बिचारा अगदी खरा असायचा.

चार वर्षांनी दर्ग्याच्या उरुसाला मी गिरडला गेले. तानबा भेटला. तो त्याच्या एकरभर शेतात राबत होता, पोरीचं लग्न कसंबसं झालं होतं. माझ्यावर राग असेल असं वाटलं होतं, पण त्यानं हरभऱ्याचे ओले घाटे पदरात टाकले. आम्ही बांधावर बसून ते सोलले.

सोलता सोलता तो म्हणाला, "अनुसया, ते चार एकर काळ्या मातीचं होतं का वं?"

"हो. हायवेला लागून."

"मालक झालो असतो मी."

"कागदावर, तानबाभाऊ."

"कागदावर का होईना," तो म्हणाला, आणि एक घाटा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले.