मामांच्या आतड्याचं अस्तर

निवृत्त झाल्यावर मामांनी जगाची आतडी दुरुस्त करायला घेतली. जन्मभर विम्याच्या फायलींवर सह्या केलेल्या माणसाला हे ज्ञान कुठून झालं, असं विचारायची सोय नव्हती. मामी एकदा विचारून बसल्या, तर त्यांना अख्खी दुपार व्हिडिओ बघावे लागले.

त्यांची भाची याच विषयावर प्रयोगशाळेत काम करायची. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ज्या प्रथिनांनी एकमेकींना धरून राहतात, त्या प्रथिनांपायी तिची उमेदीची वर्षं गेली होती. नातेवाइकांत तिची ओळख मात्र "उंदरांचं काहीतरी बघते" एवढीच.

इमारतीच्या हॉलमध्ये मामांनी व्याख्यान ठेवलं आणि तिला कौतुकाने पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर तिनेच काढलेला फोटो होता. पेशींची ओळ, आणि कडा हिरव्या चमकणाऱ्या.

"ही हिरवी घाण बघा," मामा म्हणाले. "आपल्या सगळ्यांच्या पोटात हीच साठलीय."

"मामा, ती घाण नाही," भाची जमेल तितक्या हळू म्हणाली. "पेशींना धरून ठेवणारं प्रथिन आहे ते. दिसावं म्हणून आम्ही रंगवतो."

"म्हणजे भेसळच की," मामा माइकमधून म्हणाले. हॉल खूश झाला.

मागून कोणीतरी एन्झाइमचं विचारलं. भाची उठून म्हणाली, "आतड्यातली काही एन्झाइम्स जंतूंचं कवच फोडतात. पण सूज वाढली, की रोगप्रतिकारक पेशींची काही एन्झाइम्स ही धरून ठेवणारी प्रथिनंच कापत सुटतात. त्यामुळे शरीर त्यांना आवरून धरतं. तिथे धुऊन काढण्यासारखं काही नाही."

लोकांनी आदराने ऐकून घेतलं आणि मामांच्या आतडी धुणाऱ्या पावडरीसाठी रांग लावली.

काही दिवसांतच मामा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. हॉस्पिटलात दुर्बीण घातली, तर जठराच्या पुढे, आतड्याच्या तोंडाशीच जखम झालेली, आणि तिच्यातून रक्त झिरपतंय.

"दुखण्यावरच्या गोळ्या घेता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मामा छत न्याहाळू लागले.

"गुडघ्यांसाठी," मामी म्हणाल्या. "रोज. उपाशीपोटी. पावडरीच्या पाण्याबरोबर."

गोळ्या बंद झाल्या, आम्ल कमी करणारं औषध सुरू झालं. जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत उघड्या जागेवर आल्या आणि एकमेकींना धरून बसल्या, कुणाचंही व्याख्यान न ऐकता. भेटायला येणाऱ्यांना मामा सांगत होते, "पावडर होती म्हणून निभावलं." भाची खिडकीबाहेर बघत बसायची.

एका दुपारी खोलीत दोघंच होती. मामांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्या पेशी एकमेकींना कशा धरतात म्हणालीस?"

तिने औषधाच्या खोक्यावर पेनने चित्र काढलं, शेजारी शेजारी पेशी आणि मधले दुवे. पहिल्यांदाच मामा मध्ये न बोलता ऐकत होते.

"आणि सुटल्या तर?"

"एखादी सुटते. शेजारणी जागा भरून काढतात. रोजचंच आहे ते."

"घाबरलो होतो गं मी," मामा म्हणाले.

तिने त्यांचं पांघरूण नीट केलं. मामा बराच वेळ खोकं हातात फिरवत राहिले. मग चष्मा चढवून म्हणाले, "चित्र चुकलंय. तुझ्या फोटोत पेशी उंच होत्या. इथे चौकोनी काढल्यास."

पंचाईत अशी, की या वेळी त्यांचं बरोबर होतं.